आधी किल्ल्या मोजा

प्रश्न : आम्ही विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहतो. आमची म्हाडाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, त्यामुळे सध्या त्याच वसाहतीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं आहोत. मागच्या दिवाळीला ओळखीतून २०२० ची ब्रेझा घेतली. पेट्रोल, पुश बटनवाली. जुन्या बिल्डिंगला कंपाऊंड होतं, आता गाडी रस्त्यावरच लागते. गेल्या दोन महिन्यांत आमच्या लाइनीतून एक गाडी चोरीला गेली आणि शेजारच्या काकांच्या इकोचा सायलेन्सर काढून नेला. तेव्हापासून वडील रात्री उठून उठून खिडकीतून गाडी बघतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं, तर अलार्म, गिअर लॉक आणि जीपीएस मिळून १८ हजार सांगितले. मेहुणे म्हणतात, हल्ली चोर लॅपटॉप लावून दोन मिनिटांत गाडी नेतात, तू काहीही लाव. खरंच उपयोग होतो का? होत असेल तर १८ हजार घालू का?
ता. क. : गाडीला एकच किल्ली आहे. दुसरी हरवली, असं आधीचे मालक म्हणाले होते.
– सुधीर, विक्रोळी (नाव बदललं आहे)

सुधीरभाऊ,

१८ हजारांचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ताजा कलमात टाकून दिली आहे. गाडीला एकच किल्ली आहे आणि दुसरी हरवली, हे तुम्ही फक्त ऐकलंय. ती खरोखर हरवली असेल. किंवा आधीच्या मालकाच्या जुन्या ड्रायव्हरकडे असेल, एखाद्या गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये पडली असेल. जिथं कुठं असेल तिथून ती उचलून आणून कोणीही तुमच्या गाडीचं दार उघडू शकतो, बटन दाबू शकतो आणि एसी लावून निवांत निघून जाऊ शकतो. काच फुटणार नाही, आवाज होणार नाही. वडील खिडकीत उभे असले तरी त्यांना वाटेल, सुधीरच निघाला असेल कुठंतरी.

इथं थोडं आत शिरावं लागेल, कारण मेहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. तुमच्या किल्लीत एक चिप आहे आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये ओळखीच्या किल्ल्यांची एक यादी आहे. त्या यादीत नसलेली किल्ली आणली तर इंजिन चालू होत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. स्टिअरिंगखालच्या वायरी उपटून, एकमेकींना चिकटवून गाडी सुरू करायची ती सिनेमातली पद्धत या गाड्यांवर चालत नाही. त्यामुळे आजच्या चोरापुढे रस्ते मोजकेच उरतात : तुमची खरी किल्ली मिळवायची, तुमच्या किल्लीचा सिग्नल वापरायचा, गाडीच्या यादीत आपली नवी किल्ली घुसवायची, नाहीतर गाडी सरळ उचलून न्यायची. चारपैकी तीन रस्ते किल्लीवरून जातात. आणि त्यातला पहिला, सगळ्यात सोपा, तुमच्याकडे दिवाळीपासून उघडा पडलाय.

तो बंद करायला कुर्ल्याला जायची गरज नाही. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. आरसी, आधार आणि असलेली किल्ली बरोबर न्या. तिथं दोन कामं सांगायची आहेत, आणि ती वेगवेगळी आहेत. पहिलं, दुसरी किल्ली नवी करून द्या. दुसरं, या दोन सोडून बाकीच्या सगळ्या किल्ल्या यादीतून काढून टाका. नुसतं ‘डुप्लिकेट हवी’ म्हणालात तर नवी किल्ली यादीत जाईल आणि हरवलेलीही यादीत तशीच राहील. सर्व्हिस ॲडव्हायझर बिचारा घाईत असतो, त्यामुळे जॉब कार्डवर हे वाक्य लिहून घ्या. झाल्यावर एक बारीक गोष्ट ध्यानात असू द्या. स्मार्ट किल्लीच्या पोटात एक पत्र्याची साधी किल्लीही असते. हरवलेल्या किल्लीतल्या त्या पत्र्यानं दार अजूनही उघडेल, गाडी मात्र सुरू होणार नाही. दाराचे लॉक बदलून घेता येतात, पण खर्च बराच आहे. मी तुमच्या जागी असतो तर तो केला नसता, गाडीत काही ठेवलं नसतं आणि सोडून दिलं असतं.

नवीन गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटी पत्र्याची चकती येते, तिच्यावर किल्लीचा नंबर असतो. ती आधीच्या मालकांकडे असली तर मागून घ्या, नवी किल्ली करताना लागते. आणि किल्ली हरवल्याची पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत फाइलला लावा. हे कशासाठी? गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी पहिल्या दिवशी म्हणते, ‘दोन्ही किल्ल्या जमा करा.’ एकच दिलीत की त्यांचा तपासनीस विचारणार, दुसरी कुठं आहे? चोरट्याकडे तर नाही? तेव्हा ‘आधीचे मालक म्हणाले होते’ हे उत्तर फार दुबळं पडतं.

विम्याचा विषय निघालाच आहे तर पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? ओळखीतून गाडी घेतली की आरसी ट्रान्सफर होते, पेढे वाटले जातात, आणि पॉलिसी मात्र आधीच्या मालकाच्या नावावर पुढच्या रिन्यूअलपर्यंत तशीच चालू राहते. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानंच नव्या मालकाकडे येतो. पण चोरी ज्यात मोडते तो स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, आपोआप येत नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळालेली सूट, त्याचा त्याच्याकडे राहतो, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात. ते वाचवायला लोक चालढकल करतात आणि पुढं लाखांना मुकतात. तुमची पॉलिसी अजून जुन्या नावावर असेल तर हे वाचून झाल्या झाल्या फोन लावा. नुसती थर्ड पार्टी असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपयाही मिळणार नाही, हेही आजच कळलेलं बरं.

आता घरात असलेल्या किल्लीकडे येऊ. पहिल्या मजल्यावर राहता, गाडी खाली रस्त्यावर, आणि किल्ली बहुधा दाराजवळच्या की-होल्डरला. आपल्याकडे सगळ्यांच्याच घरी ती तिथंच असते. स्मार्ट किल्ली गाडीनं हाक मारली की उत्तर देते, फक्त तिचा पल्ला हातभराचा असतो. दोन जण दोन यंत्रं घेऊन आले, एक तुमच्या दाराशी किंवा खिडकीखाली आणि एक गाडीपाशी, तर हाक आणि उत्तर दोन्ही लांबवर पोचवता येतात. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. दार उघडतं, बटन दाबलं की इंजिन सुरू होतं. यावर उपाय फुकटातला आहे. किल्ली दारापासून आणि रस्त्याकडच्या भिंतीपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्रत्येक डबा चालतोच असं नाही, म्हणून एकदा तपासा : किल्ली डब्यात घालून झाकण लावा, डबा हातात घेऊन गाडीच्या दाराला चिकटून उभे राहा आणि हँडलवरचं बटन दाबा. दार उघडलं तर डबा बदला. या कामासाठी सिग्नल अडवणारी पाकिटंही बाजारात मिळतात, तीही अशीच तपासून घ्यायची. दुसरी, नवी केलेली किल्लीसुद्धा डब्यातच. ती कपाटात साड्यांखाली ठेवली म्हणून तिचा सिग्नल थांबत नाही.

किल्ली हातची जाते ती बहुतेक वेळा आपणच देतो म्हणून. सकाळी गाड्या पुसणाऱ्या मुलाकडे आख्ख्या गल्लीच्या किल्ल्या असतात, कारण मॅट झटकायला दार उघडावं लागतं. त्याच्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण वीस गाड्यांच्या किल्ल्या एका पिशवीत घालून तो रस्त्यावर फिरतो, ती पिशवी बोनेटवर ठेवून पाणी आणायला जातो, हे तुम्हीही रोज बघता. बाहेरून पुसायला सांगा. मॅट रविवारी स्वतः झटका. सर्व्हिसिंगला, पंक्चरवाल्याकडे, हॉलच्या व्हॅलेकडे देताना जुडग्यातून गाडीची किल्ली सुटी करून द्या, घराच्या किल्ल्यांसकट नको. आणि वडापाव घ्यायला उतरताना इंजिन चालू ठेवून उतरायची मुंबईकर सवय सोडा. ट्रकला किल्ली लावून ड्रायव्हर पत्ता विचारायला उतरला आणि तेवढ्यात ट्रक गेला, असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०२३ मध्ये न्यायालयानं विमा कंपनीला ७५ टक्के द्यायला लावले. पूर्ण रक्कम नाहीच मिळाली, आणि तेवढ्यासाठीही मालकाला दिल्लीपर्यंत झगडावं लागलं.

मेहुणे जे लॅपटॉपचं म्हणतात ते खोटं नाही, अर्धवट आहे. ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. सर्व्हिस सेंटरवाले तिथंच यंत्र लावून गाडीच्या तक्रारी वाचतात. तिथूनच यादीत नवी किल्ली घालता येते. चोरही तेच करतात : काच उतरवतात किंवा फोडतात, टॅबलेट जोडतात, कोरी किल्ली यादीत घालतात आणि निघतात. पण हे सगळं करून इंजिन सुरू झालं तरी गाडी हलवायला गिअर पडावा लागतो आणि चाक वळावं लागतं. लॅपटॉपनं लोखंड कापता येत नाही. मेहुणे हे विसरतात.

म्हणून दुकानदाराच्या यादीतलं गिअर लॉक डोळे मिटून घ्या. गिअरच्या दांड्याशेजारी बॉडीला एक ब्रॅकेट पक्का बसवतात, गाडी रिव्हर्समध्ये टाकून दांडा त्यात अडकवून कुलूप लावायचं. बसवताना एकच बघा, ब्रॅकेटचे बोल्ट साध्या पान्यानं सुटणारे नकोत. डोकं तुटून पडणारे बोल्ट असतात, ते मागा. आणि लावा, रोज लावा. मी बघितलेल्या निम्म्या गाड्यांत गिअर लॉक असतं आणि त्याची किल्ली ग्लोव्हबॉक्समध्ये. त्याच्या जोडीला स्टिअरिंगवर आडवा लावायचा लाल नाहीतर पिवळा रॉड घ्या. तो तोडता येतो, मुरलेला चोर स्टिअरिंगच कापून मोकळा होतो. पण तो बाहेरून दिसतो हाच त्याचा फायदा. काचेतून टॉर्च मारून बघणाऱ्याला कळतं की इथं कटर काढावा लागणार. ओबीडी पोर्टवर बसणारी लोखंडी पेटीही मिळते, स्वस्त आहे आणि मेहुण्यांच्या लॅपटॉपवर तोच थेट उपाय आहे. तिची किल्ली घरी ठेवा, सर्व्हिसिंगला तेवढी बरोबर न्या.

अलार्मला नाही म्हणा. तुमच्या ब्रेझाला कंपनीचा सेंट्रल लॉक आहे, तेवढा पुरे. बाजारातला अलार्म बसवायला वायरिंग कापतात आणि मग तो दिवाळीच्या सुतळी बॉम्बला ओरडतो, गणपतीच्या ढोलाला ओरडतो, कचऱ्याची गाडी वळताना ओरडतो. चौथ्या रात्री लोक खिडकीतून गाडीकडे न बघता तुमच्या नावानं खडे फोडतात. खऱ्या चोरीच्या वेळी तो वाजला तर कूस बदलण्यापलीकडे कोणी काही करणार नाही. आणि ‘हे लावलं की इन्शुरन्स कमी होतो’ असं दुकानदार म्हणतो, त्याचा हिशोब मी सांगतो. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे, म्हणजे विम्याच्या जुन्या दरपत्रकाप्रमाणे, एआरएआयची (गाड्या तपासणारी संस्था) मान्यता असलेल्या उपकरणाला ओन डॅमेज प्रीमियमवर २.५ टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यानं दाखवलेल्या डब्यावर मान्यतेचा कागद आहे का, तेवढं विचारून बघा. बहुतेक विषय बदलेल.

जीपीएस घ्या, पण दुकानदारानं दाखवलेला बहुधा नको. ओबीडी पोर्टमध्ये खोचायचा ट्रॅकर चोर पहिल्या दहा सेकंदांत उपटून गटारात टाकतो. आत वायरिंगला जोडलेला, स्वतःची छोटी बॅटरी असलेला आणि डॅशबोर्डखालच्या नेहमीच्या जागी नसलेला हवा. कुठं बसवतोय ते तुम्ही समोर उभं राहून बघा. दुकानातल्या पोऱ्याला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, असं नको. त्यात सिम असतं, त्याचं रिचार्ज संपलं की ट्रॅकर मुका होतो, तारीख कॅलेंडरवर लिहा. चोर जॅमर वापरत असले तर तेवढा वेळ तो दिसणार नाही, हेही गृहीत धरा. मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असेल तर ती चालत्या गाडीचं पेट्रोल तोडणारी नको. ईस्टर्न एक्स्प्रेसवर ८० च्या वेगात इंजिन बंद पडलं तर मागच्याचा जीव जाईल. गाडी थांबल्यावर पुन्हा सुरू होऊ न देणारी सोय मागा. ॲपलचा एअरटॅग सीटच्या आत लपवणारेही आहेत. मुंबईत आयफोन चिक्कार असल्यानं तो ठावठिकाणा बऱ्यापैकी देतो. पण तो मुळात हरवलेल्या वस्तूसाठी आहे : अनोळखी एअरटॅग बरोबर फिरतोय, अशी सूचना काही वेळानं चोराच्याच फोनवर जाते. मुख्य भिस्त त्याच्यावर नको.

आणि एक उपाय सांगतो त्याला पैसेच लागत नाहीत. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो. त्यातला फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले कुठला, ते सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडून एकदा बघून घ्या. गावी जाताना तो काढून खिशात घाला. गाडी फार तर क्षणभर सुरू होईल आणि बंद पडेल. रात्रीच्या वेळी बंद पडलेल्या गाडीचं निदान करत बसायची चोराची तयारी नसते. काही जण बॅटरीची निगेटिव्हच काढून ठेवतात. त्यानं ट्रॅकरही त्याच्या छोट्या बॅटरीवर येतो आणि एखाद-दोन दिवसांत झोपतो, म्हणून मी फ्यूजच्या बाजूचा आहे.

हा गावी जाण्याचा मुद्दा तुमच्या भागात जास्त लागू आहे. गणपतीत अर्धं कन्नमवार नगर कोकणात असतं. जे रेल्वेनं किंवा एसटीनं जातात त्यांच्या गाड्या आठ-दहा दिवस जागच्या हलत नाहीत आणि त्यांच्यावरची धूळ सगळ्यांना दिसते. कव्हर घातलं तर धूळ झाकते, पण कव्हरच्या आत शिरून कोण काय करतोय तेही झाकतं. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला रोज कव्हर नको. गावी जाताना शेजाऱ्याला सांगा की एक दिवसाआड नुसती पुसत जा. गाडीवर कोणाचा तरी हात फिरतोय एवढं दिसलं तरी पुरे.

गाडी उचलून नेण्याचा रस्ता राहिला. आपल्या शहरात टोइंगवाले गाडी उचलत असले की कोणी थांबून विचारत नाही, उलट आपली वाचली म्हणून बरं वाटतं. चोरांनाही हे माहीत आहे. जागा मिळाली तर गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावा, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाती मागची बाजू येते आणि गिअरमध्ये अडकलेली पुढची चाकं रस्त्यावर राहतात. ती चाकं वळवून ठेवा आणि स्टिअरिंगचं लॉक बसलंय ना ते बघा. ओढायला लागल्यावर गाडी सरळ येत नाही, शेजारच्या गाडीला घासते, आवाज होतो. लांबीत लावावी लागली तर पुढच्या-मागच्या गाड्यांना जवळ घेऊन लावा. दिव्याच्या खांबाखाली जागा मिळत असेल तर त्यासाठी पन्नास पावलं जास्त चालायला हरकत नाही.

आणखी एक. तुमच्या जुन्या बिल्डिंगच्या जागेभोवती आता बिल्डरचे पत्रे असतील आणि गेटवर रात्रंदिवस वॉचमन असेल. सोसायटी अजून तुमचीच आहे. कमिटीच्या लेटरहेडवर बिल्डरला लिहा की गेटवरचा एक कॅमेरा रस्त्याकडे वळवून द्या. त्याला हा खर्च चणे-फुटाण्याचा आहे. कॅमेऱ्यात रात्री नंबर प्लेट वाचता येते का ते एकदा प्रत्यक्ष बघा. हेडलाइटच्या झोतात पांढरा डाग दिसणारे कॅमेरे पुष्कळ आहेत. वडिलांना म्हणावं, झोपा. रात्री तीनला खिडकीत उभ्या असलेल्या सत्तरीच्या माणसानं चोर बघून करायचं काय? खाली उतरायचं नाही, एवढं मात्र त्यांना बजावून ठेवा. दिसलंच काही तर ११२.

शेजारच्या काकांना सांगा की त्यांचं नुकसान गाडीच्या किमतीपायी झालेलं नाही. इकोच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात, ते काढून विकतात. गाडी उंच, खाली शिरायला सोपी. नवीन सायलेन्सर बसवताना गॅरेजवाल्याकडून लोखंडी पट्टीचं गार्ड वेल्ड करून घ्यावं आणि सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून घ्यावा. ब्रेझाला त्यापेक्षा आरशांची आणि टायरची काळजी. अलॉय व्हील असतील तर प्रत्येक चाकाला एक लॉक नट लावा आणि त्याचं सॉकेट गाडीत ठेवून जाऊ नका. नंबर प्लेट अजून जुनीच असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट लावून घ्या, महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. तुमची २०२० ची, म्हणजे असायलाच हवी. नसेल तर आधीच्या मालकांनी ती का काढली, हा प्रश्न मी त्यांना नक्की विचारला असता.

एवढं करूनही सकाळी जागा रिकामी दिसली तर? आधी ट्रॅफिक पोलिसांकडे चौकशी करा, उचलून नेली असेल तर अर्ध्या तासात कळतं. नसेल तर ११२ आणि लगेच पोलीस स्टेशन. ‘दोन दिवस शोधा, मग या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम ३०३(२), आणि एफआयआर घेणं त्यांना भाग आहे. दुसऱ्या हद्दीत गाडी गेली असेल तरी झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवायचा एफआयआर, होतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गाडीवर कर्ज आहे का, हप्ता थकलाय का, हे पोलीस विचारतील. रागावू नका, वसुलीवाले गाडी उचलून नेतात म्हणून विचारतात.

फास्टॅग मात्र घाईनं बंद करू नका. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या पाच वेशींवर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे ऐरोली किंवा मुलुंडला गाडी पार झाली तरी मेसेज येणार नाही. पण चोराच्या ध्यानात राहिलं नाही तर पुढं खालापूर, पडघा किंवा चारोटीला पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि गाडी कुठल्या दिशेनं गेली ते कळतं. तो मेसेज तपास अधिकाऱ्याला लगेच दाखवा. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागून ठेवा. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर (डीव्हीआर) जुनं पुसून त्यावर नवं लिहीत राहतो.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, ईमेलनं, म्हणजे पुरावा राहतो. एफआयआर वेळेवर झाला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. पण तिथवर वेळ कशाला आणायची? वडाळ्याच्या आरटीओलाही लेखी कळवा, म्हणजे तुमच्या नंबरवर परस्पर ट्रान्सफर होणार नाही. मग वाट बघणं. गाडी सापडली नाही की पोलीस न्यायालयात ‘ए समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण छडा लागला नाही. त्या कागदाशिवाय कंपनी पैसे सोडत नाही आणि तो यायला महिने जातात. दर पंधरा दिवसांनी पोलीस स्टेशनला चक्कर मारत राहा. कर्ज असेल तर त्या काळात हप्ते चालूच राहतात, आणि पैसे आले की आधी बँकेचे वळते होतात.

हातात काय येईल ते पॉलिसीवरच्या आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर ठरतं. ब्रेझाला पाच वर्षं उलटली, आता तो आकडा तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता. रिन्यूअलला ऑनलाइन स्वस्त दाखवायला तो खाली ओढलेला असतो. हजार-बाराशे रुपये वाचवायला लाखभरानं आयडीव्ही कमी करून घेऊ नका.

तर दुकानदाराला सांगा : गिअर लॉक आणि लपवून बसवायचा ट्रॅकर, अलार्म नको. उरलेले पैसे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.